घरात तेलुगू बोलू नका म्हणे!

“बाई, ऐकलं का? आमच्या बिड्डाला घरात तेलुगू बोलायची बंदी झाली ओ!”

अक्कांनी कंपाउंडच्या भिंतीवरून ही बातमी टाकली, तो पाण्याचा दिवस होता. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं की नळ चालू असेपर्यंत घरातली सगळी भांडी अंगणात, सगळ्या बायका भिंतीपाशी आणि गल्लीतली सगळी गुपितं चव्हाट्यावर असतात.

बिड्डा म्हणजे अक्कांचा नातू. वय साडेतीन, मुक्काम पुणे. आईबाप दोघंही आमच्या पूर्व भागातले पद्मशाली, दोघांच्याही घरी पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू. पोरगं नुकतंच शाळेत जायला लागलंय आणि तिथं म्हणे तोंडच उघडत नाही. उघडलंच तर पाणी तेलुगूत मागतं, शू मराठीत सांगतं आणि भांडण हिंदीत करतं. शाळेनं आईबापाला बोलावून घेतलं. मुलाच्या डोक्यात गोंधळ होतोय, घरात फक्त इंग्रजी बोला, असा हुकूम सुटला. शाळेचं नाव मी घेत नाही आणि घेऊन उपयोगही नाही. असा हुकूम सोडणारी ती काही एकटी नाही.

“आता सून काय करते माहिताय?” अक्का आवाज खाली आणून म्हणाल्या. अक्कांचा आवाज खाली आला की तो पलीकडच्या बोळापर्यंतच ऐकू जातो. “दिवसभर पोराच्या मागं ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘नो’! रागावली की मात्र एकदम तेलुगू. मग जीभ चावते. काल फोनवर मी विचारलं, ‘अन्नं तिन्नावा बिड्डा?’ जेवलास का म्हणून. तर तो आईच्या तोंडाकडं बघूलालाय. मी काय म्हणते ते त्याला कळतंय ओ बाई. बोलू का नको, ते विचारूलालाय तो डोळ्यानं.”

एवढ्यात समोरचे मामा बादलीचं निमित्त करून भिंतीपाशी आलेच. मामा बँकेतून निवृत्त झालेले. घरात कानडी, रस्त्यावर मराठी आणि फायलीवर इंग्रजी, असा त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, “शाळेचं काय चुकलं? एवढंसं डोकं, त्यात किती भाषा कोंबायच्या? आधी एक पक्की होऊ दे की.”

मामांचं मत जुनं आहे आणि एके काळी ते मोठ्या विद्वानांचंही होतं. माझी भाची वाचा-उपचाराचं काम करते, तिच्याकडचे कागद मी मागून मागून वाचत असते, म्हणून मला हा इतिहास ठाऊक. 1923 साली वेल्समध्ये सेअर नावाच्या संशोधकानं मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. घरी वेल्श आणि शाळेत इंग्रजी असलेल्या खेड्यातल्या मुलांना कमी गुण पडले. शहरातल्या मुलांत मात्र तसा फरक फारसा दिसला नाही. म्हणजे गुण कमी पडले ते दोन भाषांमुळे की खेड्यातल्या शाळेमुळे आणि घरच्या परिस्थितीमुळे, हे नीट वेगळं काढलेलंच नव्हतं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की दोन भाषा म्हणजे डोक्याला भार. पुढं कित्येक वर्षं शिक्षक पालकांना तेच सांगत राहिले.

मग 1962 साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट या दोघांनी दहा वर्षांची मुलं निवडली. सगळी साधारण सारख्या परिस्थितीतली, काही फक्त फ्रेंच येणारी, काही फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणारी. त्यात दोन भाषावाली मुलं पुढं निघाली. मी हे सांगितलं तर मामा लगेच म्हणाले, “पण बाई, मुळात हुशार पोरांनाच दोन भाषा चांगल्या आल्या असतील तर?”

मामांनी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे कागदातली खोट त्यांना आधी दिसते. त्या अभ्यासावर नेमका हाच आक्षेप घेतला गेला होता. तरी एक गोष्ट तेव्हापासून मागं पडली ती पडलीच. दोन भाषांनी मूल मंद होतं असं आता कुणी अभ्यासू माणूस म्हणत नाही. म्हणतात ते शेजारी, नातेवाईक आणि काही शाळा.

“ते माँट्रियल असूंदे हो,” अक्कांनी हंडा बाजूला सरकवला. “माझा बिड्डा शाळेत बोलत का नाही ते सांगा.”

मी सांगितलं ते असं. जिथं कानावर पडणारी भाषाच नवी आहे, तिथं कित्येक मुलं सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकत बसतात. ती मुकी नसतात, अंदाज घेत असतात. साडेतीन वर्षांच्या पोराला घरातून उचलून इंग्रजी बोलणाऱ्या बाईंपुढं बसवलं तर त्यानं पहिल्या दिवशी भाषण ठोकावं, अशी अपेक्षा कशाला? दुसरं असं की दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन घरांत वाटलेले असतात. त्यातल्या एकाच भाषेतले मोजले तर ते कमी भरणारच. दोन्हींकडचे एकत्र मोजले तर मूल एकभाषी मुलांच्या बरोबरीनं असतं. शाळेनं बिड्डाचे इंग्रजी शब्द मोजले. त्याचे तेलुगू शब्द मोजायला तिथं कुणाला तेलुगू येत होतं?

मूल खरंच उशिरा बोलत असेल तर ती अडचण त्याच्या सगळ्याच भाषांत दिसते. अशा वेळी माझ्या भाचीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, आधी कान तपासा. ऐकू कमी येतंय का, आणखी काही त्रास आहे का, हे जाणत्या माणसाकडून बघून घ्यायचं. घरातली एक भाषा बंद करणं हा त्यावरचा इलाज नव्हे. बिड्डा तर तेलुगूत मांजराला गोष्ट सांगतो. त्याच्या वाचेला काय धाड भरलीय?

आणि तो म्हणतात तो गोंधळ! व्हँकुव्हरमध्ये जन्मून काही दिवसच झालेल्या बाळांचा अभ्यास झालाय. काहींच्या आया गरोदरपणात इंग्रजी आणि फिलिपिन्समधली टागालोग अशा दोन्ही भाषा नेहमी बोलायच्या. त्या बाळांना दोन्ही भाषा ऐकण्यात रस होता आणि तरी दोन्ही वेगळ्या आहेत हे कळतही होतं. तोंडातलं चोखणं ती किती जोरानं चोखतात त्यावरून हे मोजतात.

“म्हणजे पोटातूनच शिकून येतात म्हणा की,” अक्का खूष झाल्या. “अभिमन्यू!”

“अभिमन्यूला बाहेर पडता आलं नव्हतं,” मामा म्हणाले. मामांना असं बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

भाषा मिसळून बोलणं हा तर गोंधळाचा पुरावाच नाही. दोन-अडीच वर्षांचं मूलही कुणाशी काय बोलायचं याचा अंदाज घेऊ लागतं. एका भाषेत शब्द सापडला नाही तर शेजारच्या भाषेतला उचलतं, इतकंच. आम्ही मोठे दुसरं काय करतो? एवढ्या गप्पांत अक्कांनी भाजीवाल्याला दखनीत घासाघीस करून परत पाठवलं, मामींना कानडीत ताक मागितलं, माझ्याशी मराठीत सुनेची तक्रार चालूच ठेवली आणि पाइपवर पाय देणाऱ्या कुत्र्याला तेलुगूत हाकललं. अक्का शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या. त्यांच्या डोक्यात गोंधळ आहे असं म्हणायची गल्लीत कुणाची छाती नाही.

अक्कांची एक गंमत सांगते. लहानपणापासून त्या बिड्या वळायच्या. दिवसाला हजार बिड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. आता सुटलं ते काम, पण आजही काहीही मोजायचं झालं, भाकऱ्या असोत की भिशीचे पैसे, ओठ हलतात ते ‘ओकटि, रेंडु, मूडु’ असेच. मामांचं वेगळंच. ते हिशेब इंग्रजीत करतात, देवाचं कानडीत म्हणतात आणि भांडायला मराठी वापरतात. दोन भाषांची माणसं दोन्ही भाषांत सगळंच सारखं करत नाहीत. फ्रांस्वा ग्रोजाँ या भाषाशास्त्रज्ञानं हे फार पूर्वी सांगून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की द्विभाषी माणूस म्हणजे एका अंगात राहणारी दोन एकभाषी माणसं नव्हेत. ज्या कामाला जी भाषा लागली ती त्या कामात तयार होते.

यावर मामांनी जे सांगितलं ते त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. म्हणाले, “बाई, मी सीमेवरच्या शाखांत नोकरी केली. कर्ज नाकारायचं असलं की मी इंग्रजीत बोलायचो. समोरच्याला इंग्रजी येवो न येवो. ‘सॉरी, नॉट पॉसिबल.’ कानडीत मला ते जमायचंच नाही. कानडीत ‘नाही’ म्हटलं की पुढं त्याची गाय, त्याची पोरगी, त्याचं बुडालेलं पीक सगळं ऐकून घ्यावं लागायचं, आणि मग सही व्हायची.”

मामांच्या ह्या अनुभवावर प्रयोग झालेत म्हटल्यावर ते जरा ताठ उभे राहिले. 2014 साली आल्बर्ट कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एक पेच घातला. रुळावर पाच माणसं आहेत, गाडी सुटलीय, पुलावर तुमच्या शेजारी एक जाडजूड माणूस उभा आहे. त्याला खाली ढकललं तर गाडी अडेल आणि पाच जण वाचतील. ढकलाल का?

“अय्यो!” अक्कांनी कानाला हात लावले. “असलं कोण विचारतंय ओ? वाटोळं होईल त्याचं.”

बहुतेक लोक अक्कांसारखेच म्हणतात. पण हाच प्रश्न मागाहून शिकलेल्या भाषेत विचारला की ‘ढकलू’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. त्याआधी 2012 साली शिकागोमधल्या बोआझ कायसार आणि मंडळींनी पैशाच्या जोखमीबद्दलही असंच काहीसं दाखवलं होतं, परक्या भाषेत विचार करताना नुकसानीची भीती कमी धरली जाते. लहानपणी मार खाताना, कुशीत झोपताना कानावर पडलेली भाषा काळजाला लागते, पुस्तकातून आलेली तितकी लागत नाही, असं एक स्पष्टीकरण देतात. नेमकं कारण काय यावर अजून वाद आहे. मामांच्या सह्यांचं कारण मात्र मला पटलं.

मला म्हणून बिड्डाच्या आईची काळजी वाटते. जी भाषा तिला रागावताना आठवत नाही, लाड करताना सुचत नाही, त्या भाषेत तिनं आईपण करायचं? ‘सिट’ आणि ‘ईट’ एवढ्यावर पोराशी काय बोलणं होणार? मुलाची भाषा वाढते ती त्याच्याशी भरभरून बोलणाऱ्या माणसांमुळे. मोडकं इंग्रजी चार शब्दांत संपतं, आणि तेवढंच पोराच्या वाट्याला येतं.

अक्का गप्प झाल्या होत्या. मामाही. मग मामांनी त्यांच्या आईचं काढलं. म्हातारी आमच्या गल्लीत सगळ्यांशी मराठी बोलायची, हळदीकुंकवाला नाव घ्यायची तेसुद्धा मराठीत. शेवटी शेवटी विसरभोळेपणा वाढला आणि मराठी आधी गेली. उरली नुसती कानडी. सांभाळायला ठेवलेल्या मावशींना कानडी येत नव्हती. मामांनी कॅलेंडरच्या पाठीमागं ‘नीरु’, ‘ऊटा’, ‘साकु’ असं देवनागरीत लिहून भिंतीला टांगलं होतं, पाणी मागतेय की जेवण की पुरे म्हणतेय ते कळावं म्हणून. स्मृतिभ्रंशात असं पुष्कळांचं होतं, मागून आलेली भाषा आधी जाते.

ह्याच आजाराबद्दलचं एक काम आपल्या शेजारच्या हैदराबादचं आहे आणि ते मी अक्कांना मुद्दाम सांगितलं, कारण त्यात त्यांचीच माणसं आहेत. आधी टोरोंटोच्या एलेन बियालिस्टॉक यांनी 2007 साली 184 रुग्णांच्या नोंदी पाहून म्हटलं की दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली. टीकाकार म्हणाले, तुमचे दोन भाषावाले बरेचसे परदेशातून आलेले. देश सोडून जाणारी माणसंच वेगळ्या मातीची असतात. मग हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी 648 रुग्ण तपासले आणि 2013 साली ते प्रसिद्ध केलं. इथं कुणी परदेशातून आलेलं नव्हतं. तेलुगू, दखनी, हिंदी, इंग्रजी बोलणारी ही माणसं त्याच शहरातली. फरक साडेचार वर्षांचा निघाला. आणि जे कधी शाळेतच गेले नव्हते त्यांच्यातही तो दिसला. म्हणजे हा नुसता शिक्षणाचा प्रताप नव्हता.

“दुसरी शिकलेली पण चालती म्हणा की मी,” अक्का म्हणाल्या.

“मला चार येतात,” मामा म्हणाले. “माझी किती वर्षं धरायची?”

मला सांगावं लागलं की तिसऱ्या-चौथ्या भाषेनं त्या अभ्यासात जास्तीचा फायदा काही दिसला नाही. मामांचा चेहरा व्याजदर कमी झाल्यासारखा झाला.

त्याच गटानं 2016 साली पक्षाघाताच्या 608 रुग्णांबद्दल लिहिलं. झटक्यानंतर बुद्धी शाबूत राहिलेले द्विभाषींमध्ये सुमारे 40 टक्के होते, एकभाषींमध्ये सुमारे 20 टक्के. ऐकायला हे फार गोड लागतं, आणि म्हणूनच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन भाषांमुळे रोग टळतो असं यात कुणीही म्हटलेलं नाही, लक्षणं पुढं ढकलली जातात असं म्हटलंय. तेही रुग्णांच्या नोंदींवरून, त्यामुळे कारण भाषाच आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. द्विभाषी माणसाचं लक्ष जास्त एकाग्र असतं, तो पटकन काम बदलू शकतो, हा दावा तर आता बराच ढिला पडलाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या केनेथ पाप यांनी तसल्या चाचण्या घेतल्या, त्यांना फरक सापडेना. 2015 साली एडिंबराच्या संशोधकांनी दाखवून दिलं की फायदा दिसलेले अभ्यास छापून येतात, न दिसलेले कपाटात राहतात. म्हणून ‘दुसरी भाषा शिका, मेंदू तल्लख करा’ असली जाहिरात कुणी केली तर मी तिच्यावर पैसे घालणार नाही. तोटा नाही, हे पक्कं. फायदा असेल तर वरकड.

पण फायद्यासाठी भाषा बोलतो कोण? अक्का चार भाषा बोलतात त्या डोक्याला व्यायाम म्हणून नव्हे. सासर-माहेर तेलुगू, शेजार कानडी, बाजार दखनी, कचेरी मराठी. सोलापुरात राहायचं तर हे आलंच. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे 26 टक्के लोकांना दोन भाषा येतात आणि सुमारे 7 टक्क्यांना तीन. त्या अर्जात मातृभाषेखेरीज दोनच भाषा लिहायची सोय. अक्कांची चौथी सरकारदरबारी जमाच नाही.

आमच्या बाजूला हे आजचं नाही. 1971 साली जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर लेख लिहिला. लेखात गावाचं नाव ‘कुपवार’ असं आहे. तिथं जैन आणि लिंगायत घरात कानडी, मुसलमान घरात उर्दू, इतर मराठी आणि थोडे तेलुगू. शेकडो वर्षांच्या शेजारानं या भाषांची वाक्यं एकाच साच्यात बसायला लागली. शब्दाला शब्द ठेवत गेलं की एकीतून दुसरीत जाता यावं इतकी. पण घरात बोलायची भाषा कुणी टाकून दिली नाही. वाक्याची ठेवण एकमेकांची घेतली, शब्द आपापले ठेवले. पुण्याची माणसं आमच्या ‘करूलालाय’, ‘जाऊलालाय’ला हसतात, हसोत बापडी.

“बेंद्रे मास्तर इथंच होते की,” मामांना एकदम आठवलं. कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे 1944 ते 1956 सोलापूरच्या दयानंद कॉलेजात कानडी शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता कानडी, आणि 1973 चा ज्ञानपीठ ‘नाकु तंती’ या कानडी संग्रहाला. त्याच्याही मागं बाराव्या शतकात गेलं तर या शहराचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची वचनं कानडीत. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा रस्त्यावर दुतर्फा उभी असलेली माणसं आपापल्या भाषेत हात जोडतात. बेंद्र्यांच्या आईला कुणी शाळेनं घरात मराठी बंद करा म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं, असा प्रश्न मामांनी विचारला. मघाशी शाळेचं काय चुकलं म्हणणारे हेच मामा. मी आठवण करून दिली नाही. पाणी जायची वेळ झाली होती.

सुनेची बाजूही मला मांडलीच पाहिजे, नाहीतर भिंतीवरच्या गप्पा म्हणजे सुनांची खरडपट्टी एवढंच व्हायचं. ही पोरगी स्वतः सातवीपर्यंत तेलुगू माध्यमात शिकली. आमच्या पूर्व भागात तशा शाळा आहेत. पुढं मराठीत गेली, मग एकदम इंजिनीअरिंगला इंग्रजीत. पहिल्या वर्षी वर्गात प्रश्नाचं उत्तर येत असून हात वर करायची नाही, वाक्य चुकेल म्हणून. मागच्या बाकावरची पोरं तिच्या उच्चारांची नक्कल करायची. हे तिनं मलाच एकदा सांगितलं होतं. आपल्या पोरावर ही पाळी येऊ नये म्हणून ती धडपडते, यात तिचं काय चुकलं? आपल्याकडे दोन भाषांची किंमत सारखी नसते. इंग्रजी-फ्रेंच बोलणाऱ्या पोराचं कौतुक होतं, तेलुगू-मराठी बोलणाऱ्याला सुधारायला घेतात. भीती खरी आहे. इलाज चुकलाय.

कारण घरची भाषा काढून घेतल्यावर काय होतं तेही बघून झालेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या लिली वाँग फिल्मोर यांनी 1991 साली अमेरिकेतल्या हजाराहून अधिक स्थलांतरित कुटुंबांची पाहणी मांडली. बालवाडीतच इंग्रजी सुरू झालेली मुलं फार लवकर घरची भाषा सोडून देत होती. आईबापांना इंग्रजी धड येत नाही, मुलांना घरची भाषा धड येत नाही. मग जेवताना बोलणार काय, वयात आलेल्या पोराला समजावणार कशात, मोठ्यांचा मान उरणार कसा? इंग्रजी तर त्या मुलांना कशीही आलीच असती, ती रस्त्यावर होती, शाळेत होती, टीव्हीवर होती. पुण्यात बिड्डाच्या आजूबाजूला इंग्रजी आणि हिंदीचा काही दुष्काळ नाही. तेलुगू मात्र फक्त आईबापाच्या आणि अव्वाच्या, म्हणजे आजीच्या, तोंडून येते. ती थांबली की संपली.

आपलं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा सांगतं की शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत शिकवणं घरच्या भाषेत व्हावं. शाळांनी ते करावं न करावं, निदान घरच्यांना घरात घरची भाषा बोलू द्यावी.

नळाला शेवटची धार आली तेव्हा अक्कांनी पदराला हात पुसून तिथूनच सुनेला फोन लावला. भिंतीच्या अलीकडं आम्ही दोघं उभे आहोत याची त्यांना पर्वा नव्हती. तेलुगूत काय काय बोलल्या ते सगळं मला समजलं नाही, पण मधेमधे ‘हैदराबाद’, ‘डॉक्टर’ आणि ‘सहाशे अठ्ठेचाळीस’ ऐकू आलं. आकडा मराठीत का सांगितला ते त्यांनाच ठाऊक. मग फोन बिड्डाकडं गेला. पाच मिनिटं अक्का कसली तरी गोष्ट सांगत होत्या, तिकडून हुंकार येत होते.

ठरलं ते असं. शाळेत इंग्रजी, ते शाळेनं शिकवावं, त्याचीच फी घेतात. घरात आई तेलुगू, बापाला जे सुचेल ते, आणि रोज रात्री अव्वाची फोनवर एक गोष्ट. कुणी कोणती भाषा बोलायची याचे कडक नियम करायचे नाहीत, फक्त तेलुगू रोज भरपूर कानावर पडली पाहिजे. सुनेनं शाळेला विचारायचं की आमचं मूल दोन्ही भाषांत मिळून किती बोलतं ते तुम्ही तपासलंत का. आणि मनाच्या समाधानासाठी एकदा कान तपासून घ्यायचे, ते भाची बघेल.

मे महिन्यात बिड्डा सुट्टीला सोलापूरला येतोय. अक्कांनी आतापासूनच सगळ्या गल्लीला ताकीद दिलीय, तुम्हीही ती पाळा. आमच्या भागात कधी आलात आणि साडेतीन वर्षांचा एक पोरगा भिंतीवर चढून बसलेला दिसला, तर त्याला ‘व्हॉट इज युअर नेम’ विचारू नका. तेलुगू येत असेल तर तेलुगूत बोला, नाहीतर मराठीत, कानडीत, दखनीत, जी येईल तिच्यात बोला. तो उत्तर देईल.